ओकगेटच्या यादीतलं माझं नाव

६ जानेवारी २०२५, सोमवार

साडी मार्केटमधल्या एका पार्टीने, म्हणजे आमच्या गिऱ्हाइकाने, ही डायरी भेट दिली. प्रत्येक पानाच्या वर त्यांच्या दुकानाचं नाव आणि लक्ष्मीचं चित्र. एवढी देखणी डायरी कोरी कशाला ठेवायची, म्हणून लिहायला घेतली. मराठीत लिहितोय, कारण ऑफिसात मराठी वाचणारी एकच, विशाखा, आणि ती दुसऱ्याच्या वस्तूला हात लावणारी नाही. घरी हर्षदा वाचू शकते, पण बायकोला माझ्या सॉफ्टवेअरच्या कटकटी वाचण्यात काय रस असणार!

आज धर्मेशभाईंनी बोलावलं. धर्मेशभाई म्हणजे आमच्या कंपनीचे मालक. सुरतेत पर्वत पाटिया भागात तिसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस, अकरा माणसं, आणि धंदा एकच: कापड व्यापाऱ्यांची पार्सलं कुठे पोचली ते दाखवणारं सॉफ्टवेअर. आता मोठ्या व्यापाऱ्यांनी स्वतःचे प्रोग्रामर ठेवलेत. ते दिवसभर आम्हाला फोन करतात, तुमच्या सिस्टीमला आमची सिस्टीम कशी जोडू? म्हणून त्यांच्यासाठी एक पोर्टल हवंय. तिथे प्रोग्रामरने यावं, माहिती वाचावी, आपली चावी, म्हणजे सिस्टीममध्ये शिरायचा गुप्त कोड, घ्यावी आणि कामाला लागावं. सगळं नव्याने बांधत बसायचं नाही, तयार ओपन सोर्स काहीतरी निवडायचं. निवड माझी.

"ओपन सोर्स एटले मफत ने?" धर्मेशभाईंनी विचारलं.

मी म्हणालो, फुकट आहेच, पण खरी गोष्ट वेगळी आहे. त्याचा आतला सगळा कोड उघडा असतो, जगातला कुणीही वाचतो, सुधारतो. आणि जाता जाता सहज सांगून टाकलं, की असल्या एका पोर्टलच्या सुधारणाऱ्यांच्या यादीत माझंही नाव आहे. ओकगेट. धर्मेशभाईंच्या भुवया वर गेल्या. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

९ जानेवारी, गुरुवार

डायरीत तरी खरं लिहावं.

ओकगेटमध्ये मी काय केलं? त्यांच्या माहितीच्या पानावर एक लिंक होती, ती बंद पडलेली. मी तिच्या जागी चालू लिंक टाकली. एक ओळ. त्या लोकांची रीत अशी, की एका ओळीची सुधारणा करणाऱ्याचंही नाव आणि फोटो यादीत येतो. चारशेजण आहेत त्या यादीत, माझा नंबर तीनशे अठ्ठ्याऐंशी.

हे मी बाबांना दाखवलं, बाबांनी गल्लीत सांगितलं, गल्लीतून ते आमच्या खानदेशी समाजाच्या अध्यक्षांपर्यंत, चिंधाअण्णांपर्यंत गेलं. दिवाळीनंतरच्या गुणगौरव समारंभात दहावी-बारावीच्या मुलांनंतर माझा नंबर. "जगभर चालणारं सॉफ्टवेअर बनवणारा आपला चेतन!" शाल, नारळ, फोटो. मी माईक घेऊन 'अण्णा, मी फक्त एक लिंक बदलली' असं म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "हा सन्मान माझा नाही, समाजाचा आहे."

बाबांनी चाळीस वर्षं लूमवर काढली, कानाने कमी ऐकू येतं. त्यांनी तो फोटो फ्रेम करून टीव्हीच्या वर लावला. परवा जेवताना मोठ्याने विचारत होते, "चेतन, तू त्यामा काय बनाडं रे?" मी म्हणालो, तुम्हाला सांगून कळायचं नाही. हर्षदा ताटाकडे बघत हसली. का ते कळलं नाही.

१३ जानेवारी, सोमवार

निवडीत दोनच उरलेत. ओकगेट आणि टिलरपोर्ट. टिलरपोर्ट दोन दिवस झाले माझ्या मशीनवर चढत नाहीये, इन्स्टॉलच होत नाही. शेवटच्या पायरीला लाल अक्षरं. बारा वर्षं या धंद्यात असून एक पोर्टल चढवता येऊ नये! ओकगेट वीस मिनिटांत चढलं. सोपं ते चांगलं, असं माझं मत झालंय.

विशाखाला सांगितलं, तूही दोन्ही तपासून बघ. तिला दीड वर्षं झालं आमच्याकडे. भेस्तानला राहते, वडील पुढच्या सचिन गावातल्या रंगाच्या कारखान्यात बॉयलरवर. मूळचे आमच्याच धुळ्याकडचे, पण बौद्ध. हुशार आहे पोरगी, त्यांच्यात शिकण्याची ओढ असतेच. एकच खोड, धर्मेशभाईंसमोरही माझ्याशी अहिराणी बोलते. "सर, चहा ली येऊ का तुमनासाठे?" मी उत्तर गुजरातीत देतो. ऑफिसात ऑफिससारखं राहावं माणसाने.

१६ जानेवारी, गुरुवार

उत्तरायणाच्या, पतंगांच्या दोन सुट्ट्या संपल्या. सगळ्या ऑफिसची बोटं मांज्याने कापलेली, कीबोर्ड बडवताना कण्हतायत.

विशाखाने सुट्टीत काम केलं. दोन पानांची नोट मेल केली, फक्त मला. आमच्याकडे रीतच आहे, खालच्याने वर थेट लिहायचं नाही, माझ्यातर्फे जायचं. नोटमध्ये लिहिलंय: ओकगेटची नवी आवृत्ती चौदा महिन्यांत आलेली नाही. सांभाळणारा एकच माणूस आहे. लोकांनी दाखवलेल्या चुका तशाच पडून आहेत, त्यातल्या दोन चुका चाव्यांच्या सुरक्षेच्या. टिलरपोर्ट चढवायला अवघड, पण वीसजण रोज बघतात. खाली ते कसं चढवायचं त्याच्या अकरा पायऱ्या.

म्हणजे तिच्याकडे चढलं.

तिने ओकगेटच्या उघड्या चर्चेच्या पानावर प्रश्नही विचारला होता, की आम्ही कंपनीसाठी निवडतोय, हे अजून जिवंत आहे का? सांभाळणाऱ्या त्या माणसाचं उत्तर आलंय. कुठल्या तरी थंड देशातला आहे. आईचं आजारपण चालू आहे, वर्षभर मला वेळ देता आलेला नाही, नव्या कामासाठी कृपा करून हे घेऊ नका. वाचून वाईट वाटलं. इतका सरळ माणूस! मी सवयीने त्याच्या उत्तराखाली अंगठा उमटवला, पसंतीचा.

संध्याकाळी रिक्षात लक्षात आलं, तो अंगठा माझ्या नावाने आहे. म्हणजे मी ते वाचल्याचा पुरावाच. घरी येऊन आधी तो काढला. चपलासुद्धा काढल्या नव्हत्या.

१७ जानेवारी, शुक्रवार

मीटिंग झाली. मी तक्ता केला होता, दहा मुद्दे, प्रत्येकाला दहापैकी गुण. आधी बेरीज ठरवली, मग गुण भरले, मग कारणं लिहिली. आधी कळस मग पाया. ओकगेट ८४, टिलरपोर्ट ६१.

धर्मेशभाईंना तक्त्यात रस नव्हता. ते म्हणाले, ती यादी दाखव. मी स्क्रीनवर खाली खाली जात तीनशे अठ्ठ्याऐंशीपर्यंत गेलो. "अरे, आ तो तुं छे!" ते खुर्चीतून अर्धे उठले. आपल्याच माणसाने बनवलेलं असताना बाहेरचं कशाला घ्यायचं, असं म्हणून त्यांनी तिथेच पक्कं केलं.

विशाखा म्हणाली, "सर, एक गोष्ट सांगायची होती." मी म्हणालो, "तिची नोट मी बघितली आहे." हे खरं होतं. एकही अक्षर खोटं नव्हतं. तरी मान खाली गेली माझी.

बाहेर पडताना तिने मराठीत विचारलं, "सर, त्या माणसाचं उत्तर वाचलं ना तुम्ही?"

"कुठलं उत्तर?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "काही नाही सर." तिने तो अंगठा पाहिला होता की काय? नसावा. काही तासच तर होता.

टिलरपोर्ट घेतलं असतं तर मला ते चढवता येत नाही हे सगळ्यांना कळलं असतं. आणि ओकगेट नको म्हणालो असतो, तर माझंच सॉफ्टवेअर मी का नाकारतोय, हे काय सांगितलं असतं? नाव मोठं लक्षण खोटं म्हणतात, तसं झालंय. पण चालेल. हजारो गोष्टी जुन्याच चालतात जगात.

३ फेब्रुवारी, सोमवार

पोर्टल सुरू झालं! अकरा व्यापाऱ्यांच्या प्रोग्रामरनी चाव्या घेतल्या. फोन निम्म्याने कमी झाले. धर्मेशभाईंनी सगळ्यांना नाश्त्याला लोचो मागवला.

पोर्टल चढवण्याचं काम विशाखाकडून करून घेतलं. कामाच्या नोंदीत 'जबाबदार व्यक्ती' म्हणून तिचंच नाव टाकलं. नव्या मुलांचं नाव पुढे यायला हवं, मीच किती मिरवू? तिने विचारलं, "सर, निवड तुमची आहे, तर तुमचं पण नाव टाकू का?" मी म्हणालो, राहू दे, मला असल्या गोष्टींची हौस नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज घात झाला.

सकाळी एका व्यापाऱ्याचा प्रोग्रामर स्वतःची चावी घालून आपली पार्सलं बघत होता. त्याने पत्त्यातला एक आकडा बदलला, तर शेजारच्या व्यापाऱ्याची पार्सलं दिसली. ओकगेट चावी खरी आहे का एवढंच बघतं, ती कुणाची आहे ते बघतच नाही. त्याने शेठला दाखवलं. शेठने दुपारपर्यंत शेजाऱ्याचा माल नागपूर, इंदूर, अकोल्यात कुठल्या दुकानांत जातो ते उतरवून घेतलं आणि फोनही लावायला सुरुवात केली. कापडवाल्याच्या घरात चोर शिरला तर तो इतका रडत नाही, जितका गिऱ्हाइकांची यादी गेल्यावर रडतो.

हीच चूक. विशाखाच्या नोटमधल्या दोनांपैकी पहिली. तिने ठळक अक्षरात लिहिली होती.

धर्मेशभाई ओरडले, "कोणे इन्स्टॉल कर्युं?" कुणीतरी नोंद उघडली. नाव होतंच. सगळे तिच्याकडे बघायला लागले आणि ती माझ्याकडे. मी समोरचा ग्लास उचलून पाणी प्यायलो. पूर्ण ग्लास. पाणी संपल्यावरही ओठाला लावून धरला होता.

१९ फेब्रुवारी, बुधवार

विशाखाला काढलं. धर्मेशभाई म्हणाले, पार्टीला सांगावं लागतं की कारवाई केली. तिने कप, चार्जर आणि टेबलावरचा बाबासाहेबांचा छोटा फोटो पिशवीत टाकला. दारात थांबून म्हणाली, "सर, माझी नोट आहे ना तुमच्याकडे?"

मी म्हणालो, "बघतो."

बघतो! शोधायची आहे का ती? माझ्याच मेलमध्ये आहे, तिच्या नावाच्या फोल्डरमध्ये वरून नववी.

लाज वाटते. मी आज दिवसभरात आरशात बघितलं नाही, दाढीसुद्धा केली नाही. उद्या सांगेन. धर्मेशभाईंचा राग उतरू दे, मग सांगेन. तापलेल्या तव्यावर पाणी टाकून काय फायदा?

२५ फेब्रुवारी, मंगळवार

सांगितलं नाही.

ओकगेट काढून टिलरपोर्ट चढवलं. विशाखाच्या नोटच्या अकरा पायऱ्या समोर ठेवून चढवलं, पहिल्याच फटक्यात चढलं. माझी सहावी पायरी चुकत होती. इतकी साधी गोष्ट. तिला त्या वेळी विचारलं असतं तर तिने दोन मिनिटांत दाखवलं असतं आणि कुणाला सांगितलंही नसतं.

धर्मेशभाईंनी सगळ्यांसमोर खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, चेतन होता म्हणून कंपनी वाचली. टाळ्या वाजल्या. त्या टाळ्या संपेपर्यंत उभं राहणं फार अवघड गेलं. अवघड गेलं, पण राहिलो.

२ मार्च, रविवार

डायरीत खूण म्हणून एक बिल ठेवतो. ते आज भलत्याच पानावर सापडलं. पंख्याने उडालं असेल.

हर्षदाने पोहे देताना एकदम विचारलं, "ती विशाखा कशी आहे?" कशावरून विषय काढला कोण जाणे. मी म्हणालो, तिने नोकरी सोडली. हर्षदा म्हणाली, "सोडली?" आणि गॅस बंद करून समोर बसली. मी पोहे खात राहिलो. ती म्हणाली, "भेस्तान काही लांब नाही. तिच्या घरी तुम्ही कधी गेलाच नाहीत. आपल्याकडे ती दोनदा आली, तेव्हा मी तिला स्वयंपाकघरात बसवून जेवू घातलं. तुम्ही म्हणाला होतात, बाबांना सांगू नको."

म्हणालो होतो. उगाच चर्चा नको म्हणून म्हणालो होतो. त्यात वाईट हेतू नव्हता. आता लिहिताना हे वाक्य बरं दिसत नाहीये.

बाबा टीव्ही बघत होते. त्यांच्या डोक्यावर माझा फोटो. मी फ्रेम उतरवली आणि त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं, की मी काही बनवलं नाही, एक ओळ बदलली होती. बाबा म्हणाले, "माले माहित शे." शेजारच्या पोराने त्यांना कधीच मोबाईलवर दाखवलं होतं. "तू सांगशी म्हणीसन थांबेल व्हतू." आणि आवाज वाढवून परत टीव्ही बघायला लागले.

५ मार्च, बुधवार

धर्मेशभाईंना सांगितलं. केबिनचं दार लावून सगळं, नोट, उत्तर, तक्ता, पाण्याचा ग्लाससुद्धा. विशाखाची नोट छापून समोर ठेवली. त्यांनी वाचली, दोन्ही पानं. मग घडी घालून मला परत दिली.

"हवे पती गयुं, चेतन." आता संपलं ते, म्हणाले. पार्टी शांत झाली आहे. मुलीला काढलं असं मी त्यांना तोंडाने सांगितलंय. आता म्हणू की ती नव्हती, माझा सिनियर होता? तर सिनियरलाही काढावं लागेल, मग टिलरपोर्ट कोण सांभाळणार? मुलीला दुसरी नोकरी मिळेल, तिची उमर काय!

मी केबिनबाहेर आलो तेव्हा, खरं लिहितो, हलकं वाटत होतं. सांगून तर झालं. माझ्या बाजूने मी केलं. जागेवर येऊन बसलो, चहा मागवला. चहा येईपर्यंत कळलं की तिचं काहीच बदललेलं नाही, फक्त माझं ओझं उतरलंय. इतकी लाज मला त्या ग्लासच्या दिवशीही वाटली नव्हती.

८ मार्च, शनिवार

अकराही प्रोग्रामरना आणि त्यांच्या शेठना मेल पाठवला. ओकगेट मी निवडलं. विशाखाने लेखी सावध केलं होतं, तिची नोट सोबत जोडली आहे. तिने माझ्या सांगण्यावरून काम केलं. दोष माझा. खाली पूर्ण नाव. तोच मजकूर ओकगेटच्या चर्चेच्या पानावर, तिच्या प्रश्नाखाली टाकला. तिथलं सहसा कुणी पुसत नाही.

धर्मेशभाई अर्ध्या तासात बाहेर आले. त्यांनी दाराकडे बोट केलं. मी कप आणि चार्जर घेतला. बारा वर्षांत टेबलावर एवढंच जमलं होतं.

९ मार्च, रविवार

भेस्तानला गेलो. मेलची प्रत खिशात होती. खरं सांगायचं तर, ती वाचल्यावर विशाखा काय म्हणेल याचा मी रिक्षात विचार करत होतो. 'सर, तुम्ही माझ्यासाठी नोकरी घालवली' वगैरे. अजूनही हेच चाललं होतं डोक्यात.

दार तिच्या वडिलांनी उघडलं. काशीराम. हातावर भाजल्याचे जुने डाग, धुतलेला बनियन. "जय भीम साहेब, या, या." मी नमस्कार म्हणालो. त्यांनी घाईने शर्ट घातला, खुर्ची पुसली. मला बसवलं आणि स्वतः उभेच राहिले. आत बायकोला, काशीबाईंना, चहा टाकायला सांगितलं. विशाखा आतल्या दारात येऊन उभी राहिली. वाळलेली दिसली. मी काही बोलायच्या आत काशीरामांनी माझ्यासमोर हात जोडले.

"साहेब, पोरीकडून चूक झाली. तुमच्यासारख्याने शिकवलं, नाव पुढे केलं, आणि हिने कंपनीचं नुकसान केलं. मी लई बोललो तिले. अठरा दिवस झाले, मी तिच्याशी धड बोलत नाही. तुम्ही मोठ्या मनाने घरी आलात. माफ करा तिले."

त्यांचे हात जोडलेलेच होते. मी उठून ते धरले आणि खाली केले. मग सांगितलं. उभ्याने, सगळं, मराठीत सुरू केलं आणि मध्येच अहिराणीत गेलो, कधी गेलो ते कळलं नाही. मेलची प्रत त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती वाचली नाही. ते विशाखाकडे वळले.

"तू माले का नाही सांगितलं?"

"सांगितलं होतं पप्पा," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "पहिल्याच दिवशी, घरी आल्या आल्या. तुम्ही म्हणालात, एवढा शिकलेला साहेब खोटं कशाला वागेल? तूच काहीतरी केलं असशील."

काशीबाई चहाचा ट्रे घेऊन आल्या होत्या, त्या तशाच थांबल्या. काशीराम माझ्यासाठी पुसलेल्या खुर्चीवर स्वतः बसले. मग जमिनीकडे बघत मला म्हणाले, "साहेब, तुम्ही निघा आता. माले माझ्या पोरीशी बोलायचं आहे."

मी निघालो.